डिमिट, कारण न देता

गेल्या रविवारी सकाळी, कात्रजला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी सेक्रेटरीपदातून सुटले... नऊ वर्षांनी.

हे पद म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. ऑफिसात असताना टँकरवाल्याचा फोन, घरी सासूबाईंना भरवताना लिफ्टवाल्याचा. कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली, की दोघंही माझ्याच दारात.

दरवर्षी मी राजीनामा द्यायचे. दीड पानी, मराठीत, सगळी कारणं नीट लिहून. लोक हळहळायचे आणि एकेका कारणावर तोडगा काढायचे. गुडघा दुखतो म्हटलं, तर मीटिंग माझ्याच घरी घ्यायला लागले. चहा कोणी करायचा, ते सांगायला नकोच.

यंदा मात्र अंगात काहीच उरलं नव्हतं. एकदा सकाळी फोन वाजला आणि मला रडूच फुटलं... टँकर उशिरा येणार, एवढाच निरोप होता.

मग राजीनाम्याचा कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या बापट काकांकडे गेले. काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. इतरांचे राजीनामे हाताळण्यात त्यांची हयात गेली. म्हटलं, बघा जरा, माझं कुठे चुकतंय.

त्यांनी दीडच्या दीड पान वाचलं आणि त्यावर एक तिरकी रेघ मारली. "अहो ताई, कारण दिलं की त्यावर उपाय येतो. कारण द्यायचंच नाही."

मग इंग्रजीत एकच वाक्य लिहून दिलं... आजपासून मी सेक्रेटरीपद डिमिट करत आहे. हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. अर्थ काय, तर पद सोडणं.

मग सरळ रिझाइन लिहा की, मी म्हटलं. काका म्हणाले, अर्थ तोच, पण रिझाइन म्हटलं की लोक समजूत घालायला येतात. डिमिट मोठ्या खुर्च्यांवरची माणसं करतात, आणि तिथे समजूत घालायची पद्धत नसते.

रविवारी अध्यक्षांनी ते वाक्य वाचून दाखवलं. दोघातिघांनी फोन काढून अर्थ बघितला. एकाने कारण विचारलं, मी म्हटलं, लिहिलेलं नाही. दोन मिनिटांत मंजूर... पुढचा विषय, कबुतरांची जाळी.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. नऊ वर्षांत एकदा तरी कोणी म्हणेल, दमलात हो तुम्ही, असं वाटायचं. तेही राहिलंच. पण जिना चढताना खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी बर्फी घेऊन काकांकडे गेले. दार काकूंनी उघडलं, हाताला कणीक तशीच. काकू पंच्याहत्तरीच्या पुढच्या, दोन्ही वेळचा स्वयंपाक अजून त्यांच्याकडेच. मी मीटिंगची सगळी हकिगत सांगितली, त्यांनी ती उभ्या उभ्या ऐकली.

मग काकांकडे वळून म्हणाल्या, "मलाही एक लिहून द्या तसं. स्वयंपाकघराचं. कारण न देता."

मला हसू आलं, पण काका हसले नाहीत. त्यांनी पेन काढलं, कागद पुढे ओढला. मग काकूंना विचारलं, "कोणाच्या नावे लिहू?"

"तेच तर पन्नास वर्षं शोधतेय," काकू म्हणाल्या आणि पोळ्या करायला आत गेल्या.

काका पेन ठेवून त्यांच्या मागोमाग गेले. मी बर्फी टेबलावर ठेवली आणि निघून आले.

आभार मानायचे राहूनच गेले, ते इथे मानते... काकांचे, आणि काकूंचे जरा जास्त. त्या पत्रावर नाव कोणाचं घालायचं हे कोणाला सुचलं, तर मला नक्की कळवा. दोन प्रती लागतील.