सगळ्या वस्तीचा एकच फोन

गेल्या मंगळवारी कळंबच्या पार्सलच्या दुकानात चपलांच्या परताव्याचे सहाशे चाळीस रुपये अडले. हजर होतो मी, मेंढपाळांच्या वस्तीवरच्या वहिनी आणि पार्सलवाला. कुठलंही पार्सल हलवून कानाशी धरायची त्याची सवय. वहिनी सतत वस्तू परत करतात म्हणून कंपनीच्या कॉम्प्युटरनं त्यांना आपोआप फसवणारं गिऱ्हाईक ठरवलं होतं.

"आवं, सगळ्या वस्तीचा यकच फोन हाय, वहिनींचा; समदे त्यावरनंच मागवत्यात," पार्सलवाला कंपनीच्या माणसाला फोनवर सांगत होता. "कुणाचं तरी माप चुकणारच की राव!"

तो माणूस ऐकेना, तेव्हा यानं वस्तीवर जाऊन सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि फक्त पायांचा फोटो काढून पाठवला.

शुक्रवारी सहाशे चाळीस रुपये वहिनींना मिळाले. पार्सलवाल्याला बाटलीभर ताक मिळालं. तेही त्यानं आधी हलवून कानाशी धरलं.