टचिंगकाका आणि मोठी आवृत्ती

टचिंगकाका चपला घ्यायला गेले की समोर येईल तो पहिला जोड पायात घालून निघतात. दुकानदार दुसरा दाखवायला वाकलेला असतो, तोवर हे रस्त्यावर. चष्मा असाच घेतला, स्टुडिओतला पंखा असाच घेतला, आणि काकूंचं म्हणणं, लग्नालाही असाच पाच मिनिटांत होकार दिला होता. असा हा माणूस फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती घ्यावी की मोठी, ह्यावर घोळ घालत बसला, तेव्हा घरच्यांना आधी गंमत वाटली आणि मग काळजी.

स्टुडिओ तसा चिंचोळाच. पुढे काउंटर, मधे पडदा आणि दिवे, मागे काकांची खोली. खोली कसली, टेबल, खुर्ची आणि कॉम्प्युटर मावला की माणसाने अंग चोरून बसायचं. फोटो काढते लेक. चेहऱ्यावरचे डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, भुरभुरते केस, हे सगळं निस्तरतो बाप. पूर्वी ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवायचे, मग माउस आला, मग पाटीसारखा पॅड आणि त्यावर चालणारं पेन आलं. काकांनी दर वेळी कुरकुर केली आणि दर वेळी हां हां म्हणता तरबेज झाले. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायचं, जरा टचिंग करा हं काका. त्यावरून नाव पडलं. खरं नाव आता फक्त बँकेला ठाऊक.

तर झालं असं, जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. नवा आला, पण जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालेना. कंपनीने आता दोन आवृत्त्या काढलेल्या. छोटीत डाग पुसणं, रंग सुधारणं, कापणं, चिकटवणं एवढं सगळं; मोठीत त्याखेरीज ढीगभर. मोठी काही दिवस फुकट वापरून बघता येत होती. लेकीने दोन्ही चाळून बघितल्या आणि म्हणाली, आपल्याला छोटी पुरे. काका म्हणाले, मोठी बरी. लेकीने साधं विचारलं, मोठीतलं नेमकं काय लागतं तुम्हाला? सांगा, घेऊन टाकू.

इथे काका कारणं शोधायला लागले. पहिल्या दिवशी म्हणाले, मोठीत रंग चांगले दिसतात. लेकीने छोटीत तेच रंग काढून दाखवले. मग म्हणाले, मोठे फोटो लवकर उघडतात. तिने दोन्हींत उघडून दाखवले, सारखेच. मग म्हणाले, मोठीचं चित्र छान आहे, ते सुरू होताना येतं ते. लेकीने कपाळावर हात मारला. काकूंनी घरी विचारलं, अहो, हट्ट करायचा तर काहीतरी धड कारण तरी शोधा. काका म्हणाले, बघू, आणि ताटात डोकं घातलं.

कारण धडधाकट होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं. काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरू नका. जेवता येत होतं, सही करता येत होती, पण केस काढता येत नव्हता. फोटोमागचा रंग बदलला की केसांची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. मग तिथे एकेक केस पेनाने ओढावा लागतो, तोही एका दमात. काकांचा केस निम्म्यात नागमोडी जायचा. आणि मोठ्या आवृत्तीत नेमकी ह्याचीच सोय होती. हात हलला तरी रेघ जरा मागून, सावकाश यायची आणि सगळे हेलकावे गाळून सरळ उमटायची. लेक बाहेर कामाला गेलेली असताना काकांनी ती चालवून बघितली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांना स्वतःचा जुना हात दिसला. ते मागे टेकले आणि त्यांना चक्क रडू आलं.

मग सांगून टाकायचं ना, भल्या माणसा! पण सांगितलं तर लेक काय म्हणेल, ते काकांनी मनातल्या मनात शंभरदा ऐकलं होतं. बाबा, आता आराम करा. किचकट काम रातोरात करून पाठवणारे लोक इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात, असं ती मागे एकदा बोलून गेली होती. सहज बोलली होती बिचारी, पण ते काकांच्या काळजात रुतून बसलं. ती खुर्ची गेली तर सकाळी उठून जायचं कुठे? बाकावर बसून येणारी-जाणारी माणसं मोजायची? काकांना त्या विचारानेच धडकी भरायची. त्यापेक्षा छोटी तर छोटी, असं त्यांनी ठरवत आणलं. चिकटवणं छोटीतही होत होतं, आणि जुन्या कॉम्प्युटरवरही त्यांचं हल्लीचं काम त्या एका चिकटवण्यावरच चाललं होतं. ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

फुकटचे दिवस सरत आले, तेव्हा लेकीने दर्शनी भिंतीवर नवे मोठे फोटो लावले. एक शिंपीणबाईंचा, एक शाळेतल्या बाईंचा, एक औषधांच्या दुकानातल्या मॅडमचा. दुपारी काकू डबा घेऊन आल्या आणि भिंतीपुढे थबकल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग डबा काउंटरवर ठेवून आल्या पावली घरी गेल्या. परत आल्या त्या पिशवीत एक तसबीर घेऊन. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला त्यांचा स्वतःचा फोटो. काकांनी तेव्हा त्याच्यावर जीव ओतून काम केलं होतं. काकूंनी तो चौथ्या खिळ्याला लावला.

कपाळावर उजवीकडे उतरून टोकाशी वळलेली एक बट. काकूंच्या कपाळावर तीच, शिंपीणबाईंच्या तीच, शाळेतल्या बाईंच्या तीच. औषधवाल्या मॅडमचे केस तर मुळात आखूड आणि सरळ, तरी त्यांच्याही कपाळावर ती बट डौलात रुळत होती.

लेक आधी खो खो हसली. मग तिचं हसू आपोआप ओसरलं.

काका पडद्याआडून बाहेर आले आणि चारी फोटो बघून जागच्या जागी उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "अहो, माझी बट साऱ्या गावाच्या कपाळावर वाटत सुटलात?"

काकांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. "ह्याला आता केस निघत नाही," ते म्हणाले. "चांगला निघालेला तेवढा एकच होता माझ्याकडे, तुझ्या ह्या फोटोतला, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेला. तोच लावत गेलो."

मग जे इतके दिवस अडलं होतं ते भडाभडा बाहेर आलं. डॉक्टर, मोठ्या आवृत्तीतली सोय, खुर्ची, इंटरनेटवरचे लोक, सगळं. लेकीचे डोळे भरून आले, पण ती रागावलीसुद्धा. म्हणाली, "बाबा, मी बाहेर काम पाठवायचं म्हटलं ते तुम्ही जेवायला उठत नव्हता म्हणून. तुमची खुर्ची मला नकोय. तुम्ही त्या खोलीत नसलात तर मला इथे करमायचं नाही."

मोठी आवृत्ती त्याच संध्याकाळी घेतली. काकांनी सगळ्यात आधी तिघींचे फोटो पुन्हा उघडले आणि प्रत्येकीला तिचे तिचे केस काढले. वेळ लागला, मान आखडली, पण लेकीने मधे तोंड घातलं नाही.

शिंपीणबाई नवा फोटो न्यायला आल्या, तेव्हा दुसऱ्यांदा का केला म्हणून त्यांनी विचारलं. लेक काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात काका स्वतः पुढे आले. म्हणाले, बाई, माझा हात थरथरतो. तुमचे केस जमेनात म्हणून बायकोचे लावले होते. हे आता तुमचे.

शिंपीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी धरून बराच वेळ पाहिले. मग जरा लाजत म्हणाल्या, "काका, राग मानू नका. पण मला आधीचाच द्या."

काकू आतून म्हणाल्या, "न्या की. पण वापरून झाली की बट परत करा."

काका इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. लेकीने चहा पुढे केला. त्यांनी कप सगळ्यांदेखत उजव्या हाताने उचलला, थोडा चहा बशीत सांडला, आणि त्यांनी तो सांडू दिला.