गुडमारची पानं

बाबांची उभी हयात कारखान्यात माल तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला फक्त स्वतःचं रक्त उरलं. साखर मोजायचं यंत्र, आकड्यांची वही आणि पिपलानीतल्या आमच्या कुंपणावरची गुडमारची वेल, यातच त्यांची सकाळ जायची.

वेल मीच आणली होती, नेहरू नगरच्या नर्सरीतून. तिची पानं चावली की बराच वेळ जिभेला गोड कळत नाही. बाबा येईल त्या पाहुण्याला आधी पान चावायला लावत, मग गुलाबजाम देत आणि त्याचं तोंड बघत बसत. आम्ही पोट धरून हसायचो.

पानांनी रक्तातली साखरही उतरते म्हणतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या चालू असताना असले प्रयोग नकोत. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन वहीत पानांसाठी नवा रकाना आखला. मला माहीत होतं. पण आकडे उतरत होते आणि मला बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

त्या सकाळी त्यांनी गोळी घेतली, मूठभर पानं चावली आणि नाश्ता बाजूला सारला. म्हणाले, "आधी रीडिंग घेऊ, मग पोहे. नाहीतर टेस्टिंगला अर्थ काय?"

थोड्या वेळाने त्यांच्या हातातली सुई खाली पडली. शर्ट घामाने भिजला होता आणि ते माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत होते. आईने धावत साखरेचा डबा आणला. मी चमचाभर साखर त्यांच्या तोंडात घातली, तर त्यांनी थुंकून टाकली.

"रेती आहे ही," ते म्हणाले. "रेती का देतेस?"

"बाबा, साखर आहे. गिळा ना."

त्यांनी दात घट्ट आवळले. एवढा भरलेला डबा हातात, आणि मला त्यांना एक चमचा साखर खाऊ घालता येत नव्हती. आई त्यांची पाठ चोळत रडत होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

दवाखान्यात पोचताच त्यांचं रक्त तपासलं. सलाइनमधून साखर गेली तेव्हा कुठे त्यांनी मला ओळखलं. मी त्यांचा हात धरला.

"रीडिंग किती आलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. बाबांचा चेहरा खुलला.

"वहीत लिही," ते म्हणाले. "इतकं खाली कधीच आलं नव्हतं."