यादीचा संच होताना

दुपारी घरी बसून एक प्रोग्राम तपासत होते. त्याचे दोन भाग दोन वेगळ्या भाषांत लिहिलेले, पण एकमेकांशी जुळवून घेणारे. एकीकडे नावांची यादी होती. क्रमानं लावलेली, काही नावं दोन-तीनदा आलेली. दुसरीकडे पाठवताना मी तिचा संच केला होता. संचात प्रत्येक नाव एकदाच राहतं आणि क्रमाची हमी नसते. कुठे एरर आली नाही. संचाची परत यादी करून पाहिली, पण गेलेलं काही परत आलं नाही.

"सुमन आली का गं?" आतून बाबांनी विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा. सुमन म्हणजे माझी आई. तिला जाऊन वर्ष होत आलं.

माझ्याकडे सगळं क्रमानं आहे. दवाखाना, स्मशान, नंतरचा बाबांचा प्रत्येक प्रश्न. त्यांच्याकडे प्रश्न एकच, आणि दर वेळी पहिलाच. एकदा मी खरं सांगून टाकलं. ते हमसून हमसून रडले, आणि तासाभरानं पुन्हा तेच विचारलं. माझी आई एकदाच गेली. त्यांची सुमन मात्र मी सांगेन तितक्या वेळा जाईल.

"येतेय, बाबा."

"मग तिचाही चहा टाक."

मी उठले आणि तीन कप पाणी ठेवलं.