रशियाची दोन पानं

लातुरात पियानो शिकवते म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "कोण येतं हो शिकायला?"

येतात. आणि जातातही. जाताना प्रत्येक जण एखादा किस्सा मागं ठेवतो. आता माझ्याकडे विद्यार्थी कमी आणि किस्सेच जास्त!

दोन-तीन वर्षं हात बसला की मी पोरांना रशियन संगीतकारांच्या छोट्या रचना देते. जेमतेम दोन पानांच्या, पण आतून हलवणाऱ्या. आणि नेमकी तेव्हाच दहावी येते.

*

ओंकारला बर्फावरच्या घोडागाडीची रचना दिली होती. पठ्ठ्या सुसाट!

"अरे, सावकाश!"

"मॅडम, तिकडं लई थंडी असती. हळू वाजवलं तर बोटं गारठतील की!"

*

दहावीनंतर ओंकारचे वडील आले. "मॅडम, नीटच्या परीक्षेपर्यंत दोन वर्षं पॉज करू."

अशी कितीतरी पोरं माझ्याकडे पॉजवर आहेत. प्ले कुणीच दाबलं नाही.

*

क्लासच्या खाली रझाकभाईंचं पेंडीचं दुकान. एकदा वैतागून वर आले. "मॅडम, महिना झाला, लेकरू तेच पान वाजवून राहिलंय. पलटा की!"

पुढच्या आठवड्यात पियानो गप्प. भाई पुन्हा वर. "काय, पलटलं का पान?"

"नाही भाई. लेकरू ट्यूशनला लागलं."

भाई दारातूनच म्हणाले, "मग तुम्हीच वाजवा की तेच. आदत पडून गेली."

*

लोह्याचा सचिन डॉक्टर व्हायला थेट रशियातच गेला. मला केवढा आनंद! म्हटलं, आता हा त्याच मातीत ते संगीत ऐकणार. वर्षभरानं फोनवर विचारलं, "पियानो दिसला का रे कुठं?"

"हाय की मॅडम! हॉस्टेलच्या हॉलमध्येच हाय. आमचा कुकर त्याच्यावरच ठेवतो!"

*

उदगीरचे मन्मथअप्पा, आडत व्यापारी. दर रविवारी मुलीला, गौरीला, गाडीतून क्लासला आणायचे आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसायचे. अकरावीत तिनंही सोडलं.

परवा नांदेडला तिच्या लग्नाला गेले होते. आता ती डॉक्टर. स्टेजवर बँडवाल्यांचा कीबोर्ड होता. अप्पा म्हणाले, "बेटा, ते आपलं रशियाचं वाजव."

"अप्पा, न्हाई येत आता."

"बस तर खरं."

बसली. डावा हात चालला, पण उजव्याला सूर काही आठवेनात. तिनं माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात अप्पा कीबोर्डला खेटून उभे राहिले. कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला फेटा. आणि "ला ला" करत उजव्या हाताची चाल म्हणायला लागले. पहिल्या सुरापासून, बिनचूक! गौरी डाव्या हातानं साथ देत राहिली.

दुसऱ्या पानावर अप्पा मध्येच थांबले. दोन सूर मागं गेले आणि पुन्हा म्हणायला लागले.

गौरी हसली. "अप्पा, तिथं थांबायचं नसतं हो!"

"असं कसं बेटा? तू तर दर रविवारी तिथंच थांबायचीस."