चिठ्ठीतलं तिसरं वाक्य

“माह्या पोरीले इचारा, तिले सारं इंग्रजी वाचता येते.” नागपूरच्या दवाखान्यात बाबा बाकावरच्या एका म्हाताऱ्याला सांगत होते. म्हातारा म्हणाला, “मंग तुमच्यासंगं कायच्यात बोलते?” “बोलतेच कुठं! मुकी हाय आमची मेम.” दोघंही हसले. मी दारापाशी उभी होते, डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन.

त्यानंतरचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — माहीत नाही.

डॉक्टर घाईत होते. “घरी समजावून सांग,” एवढंच म्हणाले. चिठ्ठीत इंग्रजीत तीन वाक्यं होती. आजार यकृतात पसरला आहे. सुया घेतल्या तर थोडे दिवस वाढतील, त्रासही वाढेल. आणि तिसरं — थांबायचं की नाही, ते रुग्णाला विचारून ठरवावं.

“काय लिवलं, बेटा?”

सुया पुऱ्या करायच्या आहेत, मी म्हटलं.

बाबांना सोसलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. सौंसरला आमच्या वस्तीत कुणाकडे माणूस गेला की आधी बाबा जात. बुद्धवंदना झाली की उंबऱ्यावर टेकून साध्या आवाजात म्हणत, “गेला तो. गेला म्हणा, अन् मोकळं रडा.” मरण हा शब्द त्यांना कधी जड गेला नाही. मला गेला. बापाच्या तोंडावर तो कसा उच्चारायचा? शाळेत कुणी शिकवलं नव्हतं — पण हे शिकवावं लागतं का?

दर आठवड्याला आम्ही त्यांना सौंसरहून नागपूरच्या बसमध्ये बसवत होतो. खिडकीशी, ओकायला मांडीवर डबा. चौथ्या खेपेला लोधीखेड्याच्या अलीकडे त्यांनी माझं मनगट धरलं.

“आता होत नाही, बेटा. थांबता येते का? तसं काही लिवलं का त्यानं? घरीच पडून राहीन म्हणतो. लोकं येतीन, दोन गोष्टी बोलीन.”

तेव्हा तरी? चिठ्ठी पिशवीतच होती. बस चालली होती, बाबा वाट पाहत होते —

“नाही, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मी वाचलं म्हणजे खरंच असणार.

पाचव्या खेपेला बाबा गेले, दवाखान्याच्या व्हरांड्यातच. रांगेत बसल्या बसल्या. आई नळावर पाणी आणायला गेली होती. त्यांना कुणाशी काय बोलायचं होतं, ते आता कुणाला कळणार?

घरी आणलं तेव्हा भर दुपार होती. अंगणात बायका जमल्या. आई छाती बडवत म्हणत होती, “त्या डाक्टरनं एकडाव तरी सांगतलं असतं वं माय! म्या नेलंच नसतं यायले!” डाक्टर लोकं असेच, कुणीतरी म्हणालं.

मी तिच्या पाठीशी बसले होते. त्या आकांतात कुणाला ऐकू गेलं नाही, तिलाही नाही. पण मी बोलले —

“त्यानं सांगतलं होतं, आई. म्याच नाही सांगतलं.”