कॅडी आणि पाहुण्याची पिशवी

माझे धाकटे दीर पुण्याला गोल्फच्या मैदानावर कॅडी होते. खेळणाऱ्याची काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यासोबत चालायचं, हरवलेला चेंडू शोधून द्यायचा, असं ते काम. आमच्या गावी, घनसावंगीत मात्र सासरे 'पोरगा क्लबात नोकरीला हाय' एवढंच सांगत. मग खरं काम कळलं की आलेलं स्थळ मोडायचं. मला या लपवाछपवीची भारी चीड यायची, पण सुनेचं ऐकतं कोण!

नात्यातल्या एका लग्नात भाऊजींना शहागडची मुलगी आवडली. या वेळी तरी जमावं म्हणून मीही देव पाण्यात ठेवले होते. मुलीचे वडील घर पाहायला येणार त्या दिवशी सासऱ्यांनी भाऊजींना बजावलं, "नवरदेव हाईस. गादीवरून हलू नको."

पण आमच्याकडे पाहुणा दारात दिसला की धाकट्यानं उठायचं, पाहुण्याच्या हातची पिशवी घ्यायची, पाय धुवायला पाणी द्यायचं. पाहुणे जीपमधून उतरले आणि भाऊजी सवयीनं त्यांची पिशवी घ्यायला धावलेच. चहा झाल्यावर, भाऊजींना घरचा गडी समजून, मुलीच्या वडिलांनी विचारलं, "समदे दिसून राह्यले, पोरगा कुठंय?"

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. भाऊजीच म्हणाले, "मीच तो. पुण्यातबी हेच करून राह्यलो. खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलतो. कॅडी म्हणत्यात."

गेलं हेही स्थळ, असं वाटलं. मग मात्र मला राहवेना. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. भाऊजींना काम लागलं तेव्हा मलाही हा शब्द ठाऊक नव्हता, म्हणून शाळेतल्या जाड डिक्शनरीत पाहिला होता. स्वयंपाकघराच्या दारातूनच मी मुलीच्या वडिलांना म्हणाले, "भाऊ, हा शब्द मूळचा फ्रेंच. घरातल्या धाकट्या मुलाला तसं म्हणायचे. त्याच्या वाट्याला जमीन येत नसे, म्हणून तो पोटासाठी बाहेर पडायचा. पुढं स्कॉटलंडात निरोप पोचवणाऱ्याला, ओझी वाहणाऱ्याला तेच नाव पडलं. गोल्फही तिथलाच, म्हणून काठ्यांची पिशवी उचलणारा तो कॅडी."

मुलीच्या वडिलांनी भाऊजींकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीबी धाकटाच. शहागडात ट्रकावर पोती चढवून दुकान उभं केलं." सासऱ्यांकडे वळून हसले, "मंग क्लब-क्लब काय लावलंत हो? सरळ सांगायचं."

पाहुणे निघताना भाऊजींनी पुन्हा त्यांची पिशवी उचलली. मुलीच्या वडिलांनी ती हळूच काढून घेतली.

"राहू द्या. जावयाच्या हातात पिशवी देत नसत्यात."

भाऊजी अंगणात रिकाम्या हातांनी उभे राहिले. त्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.